चलनावर सही माझी, वजन दुसऱ्याचं: मी काय करू?

वास्को_मिरज

सर्वांना ख्रिस्तात सलाम. लांबलचक लिहितोय, त्याबद्दल माफी असावी. अर्धं सांगितलं तर सल्लाही अर्ध्याच गोष्टीवर मिळेल, म्हणून सगळं सांगतो.

मी मूळचा मिरजेचा. गेली ११ वर्षं वास्कोत राहतो आणि ४ वर्षांपासून दक्षिण गोव्यात किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात स्टोअरकीपर आहे. पहाटे पाचला स्कूटर काढतो, वेर्ण्यावरून माजोर्ड्याकडे उतरतो आणि सहाच्या आत हॉटेलच्या मागच्या दाराशी असतो. दूध, पाव, भाजी, मटण, मासळी, सगळं त्या दारातून येतं आणि माझ्या सहीशिवाय आत जात नाही.

हंगामात आम्हाला दिवसाला चाळीसेक किलो मासळी लागते. इसवण (सुरमई), चणाक, सुंगटं (कोळंबी). स्टाफच्या जेवणाला बांगडे. पिकअप दाराला लागतो, निळे क्रेट उतरतात, वर बर्फाचा थर. क्रेट तसाच काट्यावर चढवायचा, क्रेटचे दीड किलो आणि बर्फाचा अंदाजे एक किलो वजा करायचा, राहील तो आकडा चलनावर. मी कामाला लागलो त्या दिवशी माझ्या आधीच्या माणसाने समजावलं होतं, "इथं मासळी मोजायची नसते, लिहायची असते." मी ४ वर्षं लिहीत आलो.

नोव्हेंबरात एका सकाळी पिकअप लवकर आला. शेफ यायचा होता, मी एकटाच होतो. काय मनात आलं देव जाणे, इसवणाचा एक क्रेट धुण्याच्या जागेतल्या जाळीवर रिकामा केला, बर्फ बाजूला सारला, पंधरा मिनिटं पाणी निथळू दिलं. रिकामा क्रेट वेगळा तोलला. क्रेट निघाला २ किलो १०० ग्रॅमचा. मासळी भरली १७ किलो ८००. चलनावर होते २० किलो. इसवणाचा त्या दिवशीचा दर ८०० रुपये. म्हणजे एका क्रेटमागे १,७६० रुपये पाण्यात, आणि ते पाणी मी माझ्या सहीने मासळी म्हणून आत घेतलेलं.

यातला एक पैसाही मी कधी घेतला नाही. कोण घेतं, कोणाचा किती हिस्सा, मला माहीत नाही. आपले हात स्वच्छ आहेत या समाधानात मी बरेच दिवस काढले. मग एकदा चलनावरचा छापील मजकूर नीट वाचला. "वरील माल वजन तपासून मिळाला." त्याखाली मी. आमच्या मंडळीत साक्ष हा शब्द दर रविवारी कानावर पडतो. उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची, देवाने आठवडाभर काय केलं ते सांगायचं. मीही दिली आहे, रडत रडत दिली आहे. आणि सोमवार ते शनिवार मी सकाळी सहा वाजता दुसरी साक्ष देत होतो, तीही लेखी. नववी आज्ञा लहानपणापासून पाठ आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही. ती कोर्टात उभं राहणाऱ्यांसाठी आहे असं मी समजत होतो.

माझे आजोबा मिरजेच्या मिशन इस्पितळात कंपाउंडर होते. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं ते इस्पितळ. आजोबांचा औषध तोलायचा छोटा पितळी तराजू आमच्या घरी आहे. पुडी बांधायच्या आधी दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा मधोमध येतो का ते ते बघायचे. प्रत्येक पुडीच्या आधी. रांग कितीही लांब असो. मी सहा-सात वर्षांचा असताना शेजारी बसून हे पाहिलंय, पण त्याचा अर्थ मला चाळिशीत लागतोय.

आता खरी अडचण. ज्या सप्लायरची मासळी येते, तो आमच्याच भागात राहतो. (तो कोणत्या धर्माचा ते लिहीत नाही, त्याचा इथं काही संबंध नाही.) दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात रात्री दोन वाजता माझ्या मुलीला तापात झटके आले. पाऊस असा की समोरचं घर दिसेना, गाडी मिळेना. मी त्याचं दार वाजवलं. तो बनियनवर बाहेर आला, मासळीच्याच पिकअपमध्ये आम्हाला बसवलं आणि झुआरी पूल ओलांडून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचवलं. उजाडेपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बसून होता. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर हात जोडले. ती मुलगी आज चौथीत आहे.

तरीही २ जानेवारीपासून मी निथळलेलं वजन लिहायला लागलो. कोणाला काही न सांगता, गुपचूप. पाचव्या दिवशी क्रेट उतरवणारा पोरगा, ओडिशाचा आहे, विशीचाही नसेल, काट्याजवळ घुटमळत राहिला. म्हणाला, "सेठने मेरा काटा." पाच दिवसांत ९०० रुपये कापले. सप्लायरने त्याला सांगितलं होतं की घट तुझ्यामुळे येते, तू वाटेत गाडी उभी करतोस. पोराने माझ्याकडे तक्रारीच्या सुरात काही म्हटलं नाही. त्याला वाटत होतं, खरंच त्याचंच काहीतरी चुकतंय.

त्या दिवसापासून मी पुन्हा जुना आकडा लिहितोय. आधी न बघता लिहायचो, आता बघून लिहितो.

१६ जानेवारीला शेफ मला सांकवाळला संत जुझे वाझ यांच्या फेस्ताला घेऊन गेला. मी प्रोटेस्टंट, संतांच्या फेस्ताला जायची आम्हाला सवय नाही, पण तो माणूस जिव्हाळ्याचा आहे. हॉटेलात सगळे मला पास्टर म्हणतात. मराठी बोलणारा ख्रिस्ती त्यांना नवलाचा वाटतो. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण मराठीत आहे आणि ते १६१६ साली इथंच सासष्टीत रायतूरला छापलं गेलं, हे सांगितलं तेव्हा शेफला केवढा आनंद झाला होता. तर सांकवाळच्या प्रवचनात पाद्री सांगत होते की १६९७ साली श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली, लोक आपल्याच घरच्या आजाऱ्यांना टाकून पळाले, आणि जुझे वाझ मागे राहून त्या रोग्यांची सेवा करत होते. ज्या राज्यात आधी त्यांना हेर समजून कैदेत टाकलं होतं, त्याच राज्यात. मी खाली मान घालून ऐकत होतो. मला तर नुसता आकडा लिहायचा आहे.

पाळकांना विचारलं, ते म्हणाले प्रार्थना करा, देव वाट दाखवील. बायको म्हणते मालकाला सांगून टाका. मित्र म्हणतो नोकरी बदल. मला विचारायचं आहे ते असं: त्या पोराचं काय, सप्लायरच्या उपकाराचं काय, आणि मागच्या ४ वर्षांच्या सह्यांचं काय? ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांनी कृपा करून लिहा.


पर्वरीकर

भाऊ, एवढं मनाला लावून घेऊ नका. बर्फाचं पाणी सगळेच विकतात. तुमच्या मालकाने दर ठरवताना ते धरलेलंच असणार. घरी मुलगी आहे, तिच्याकडे बघा.


वास्को_मिरज

दादा, तुम्ही काळजीपोटी लिहिलंत, कळतंय. मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण मालकाने ते धरलेलं असेल तर त्यांना सांगायच्या विचाराने माझे हातपाय गार का पडतात?


सावंतवाडीची_म्हापश्यात

भावा, मी कॅथलिक. माहेर सावंतवाडी, शाळा मराठी, सासर म्हापशाला. तुझी नववी आज्ञा ती आमची आठवी, मोजणी वेगळी, पण अर्थ एकच.

तू मागच्या सह्यांचं विचारलंस, त्यावर माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. त्या ४० वर्षं म्हापश्याच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसल्या. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी असते, पावसाळ्याची बेगमी. तेव्हा सुक्या गालम्याला, म्हणजे बारीक कोळंबीला, उसंत नसते. गालमो सासूबाई डब्याच्या मापाने द्यायच्या. माप भरताना बऱ्याच बायका आंगठा आत धरतात. दिसत नाही, पण आंगठ्याएवढा माल प्रत्येक मापात कमी पडतो. सासूबाई डबा तळहातावर घ्यायच्या, बोटं सगळी बाहेर. मी नवी सून म्हणून बसायला गेले तेव्हा पहिली गोष्ट त्यांनी ती शिकवली.

एका वर्षी हंगामाच्या मधोमध त्यांच्या लक्षात आलं की डब्याच्या बुडाला पोचा पडलाय. बूड आत आलेलं, माप कमी भरत होतं. कधीपासून, कोणाला माहीत! मुद्दाम काही नव्हतं, तरी त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पापकबुलीला, गेल्या. पाद्रीसायबांनी विचारलं, गिऱ्हाइकं ओळखून परत देता येईल? कसं देणार, पेडण्यापासून डिचोलीपर्यंतची माणसं ती. तर ते म्हणाले, मग जी येतील त्यांना द्या. सासूबाईंनी नवा डबा घेतला आणि हंगाम संपेपर्यंत प्रत्येक मापावर एक ओंजळ जास्त घातली. कोणाला कारण सांगितलं नाही. नुसतं माफ केलं म्हणून आमच्यात भागत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याचं भरून द्यावं लागतं, जमेल तेवढं, जमेल तसं. जक्कयाने तेच केलं ना? येशू घरी उतरायला आला आणि हा उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट.

सप्लायरच्या उपकाराचं म्हणशील तर मला त्यात घोळ दिसत नाही. त्या रात्रीचं ऋण तुझं आहे, तुझ्या मालकाचं नाही. ते तू तुझ्या खिशातून, तुझ्या वेळातून, तुझ्या झोपेतून फेड. मालकाच्या मासळीतून फेडू नकोस. आणि खरं सांगू, ज्याने तुझ्या मुलीला वाचवलं त्याच्या खोट्यावर तू रोज सही करतोस, यात त्याचंही भलं होत नाहीये.


मालिम_जेटी

नमस्कार. मी हिंदू आहे, तुमच्या शास्त्रातलं मला फार कळत नाही. मासळीतलं कळतं. २० वर्षं या धंद्यात आहे, आधी घरचा ट्रॉलर होता, आता फक्त हॉटेलांना पुरवठा करतो. त्यामुळे तुमच्या सप्लायरच्या बाजूने उभा राहून लिहितोय असं समजा.

सगळी घट म्हणजे चोरी नव्हे. बर्फ हवाच. उन्हाच्या दिवसांत किलोला किलो बर्फ घातला तरी तो जास्त नाही. तुम्ही बर्फावरून कटकट केलीत तर पुढच्या खेपेला तो बर्फ कमी घालील आणि इसवण तुमच्या दारात मऊ पडलेला येईल. बांगडा तर त्याहून लवकर बिघडतो, खाणाऱ्याच्या अंगावर पुरळ उठतं. तेव्हा बर्फ भरपूर मागा आणि वजन बर्फाविना करा. दोन्ही एकाच वेळी सांगा. सुंगटांचं निराळं आहे. ती पाण्यात ठेवली की पाणी पितात, फुगतात. ती जाळीवर जास्त वेळ ठेवा.

आता कामाचं. प्रत्येक क्रेट रिकामा तोलून त्याच्या कडेवर रंगाने वजन लिहा, म्हणजे दीड किलोचा वाद कायमचा मिटला. काटा सपाट जागेवर ठेवा. त्याच्यावर वजनमापे खात्याचा यंदाचा शिक्का आहे का बघा, इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दरवर्षी व्हावी लागते. शिक्का जुना असेल तर सप्लायर तुमच्याच काट्याला नाव ठेवील, आणि ते ठेवण्याचा त्याला हक्क आहे.

पोराबद्दल. तुम्ही चूक केलीत ती इथं केलीत. वजन गुपचूप बदललंत. सप्लायरच्या डोळ्यांना काय दिसलं? काल २० किलो पोचत होती, आज १८ पोचते, मधे फक्त पोरगा आहे. माझ्याकडे असं झालं असतं तर माझा संशयही आधी पोरावरच गेला असता. तुम्ही सप्लायरला आधी फोन करा. "उद्यापासून निथळून वजन होणार, फरक येणार, तो बर्फाचा आहे, पोराचा नाही." मग वजन करताना पोरालाच आकडा मोठ्याने वाचायला लावा आणि चलनावर तुमच्या सहीशेजारी त्याची सही घ्या. क्रेट काट्यावर असतानाचा फोटो सप्लायरला तिथल्या तिथे पाठवा. मग त्याला पोराचे पैसे कापायला जागाच राहत नाही.

तो दर वाढवून मागेल. मागू दे. वाढलेला दर बिलावर दिसतो, त्यावर बोलता येतं. ३१ मार्चला तुमचे दर नव्याने ठरत असतील तर हा विषय त्याआधी काढा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा दर काय होतात ते तुम्हाला ठाऊक आहे, त्या दिवसांत हा वाद नको.

एक सांगतो. आम्हा पुरवठादारांतही खरं वजन देऊ इच्छिणारे आहेत. पण समोरचा फुगवलेलंच वजन धरून दर पाडून मागतो, मग खऱ्या वजनाचा माणूस महाग ठरतो आणि त्याचा माल परत जातो. मी दोन हॉटेलं अशीच गमावली आहेत. तुमच्यासारखे चार जण दाराशी असते तर ती राहिली असती.


फोंडा_निवृत्त_शिक्षिका

ख्रिस्तात सलाम. मी नगरची, आता मुलाकडे फोंड्याला असते. वय ७४, टंकायला वेळ लागतो.

तुम्ही साक्ष शब्दाला जिथं नेलंत, तिथून मला पुढं जायचं आहे. साक्षीदाराने काय सांगायचं असतं? जे पाहिलं ते. त्याहून कमी नाही आणि जास्त तर मुळीच नाही. तुम्ही काय पाहिलं? एक क्रेट पाहिला, त्याचं वजन पाहिलं, स्वतःची सही पाहिली. पैसे कोणाच्या खिशात जातात ते पाहिलं नाही. तेव्हा मालकांपुढे जाल तेव्हा क्रेट सांगा आणि सही सांगा. कोणाचंही नाव घेऊ नका. खरं बोलायला निघालेली माणसं रागाच्या भरात अंदाज बोलून जातात आणि तिथंच त्यांची साक्ष बाटते. माझ्याकडून शाळेत हे एकदा घडलं आहे. एका शिपायावर मी न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी बोलले. तो निर्दोष निघाला. पुढं ३० वर्षं तो मला नमस्कार करत राहिला, आणि प्रत्येक नमस्कार मला टोचला.

नोकरी सोडू नका. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? जकातदाराचा धंदाच तेव्हा बदनाम. योहान त्यांना नाका सोडा म्हणत नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. शिपायांनाही तलवार टाका म्हणत नाही. लुबाडू नका, पगारात समाधान माना. तुम्हाला देवाने त्या मागच्या दाराशी ठेवलं आहे. तुम्ही निघून गेलात तर तिथं पुन्हा मासळी लिहिणारा माणूस येईल.

आणि त्या मुलाचे ९०० रुपये आधी द्या. कापले सप्लायरने हे खरं, पण त्याची वाट बघत बसू नका. लेवीयच्या सहाव्या अध्यायात आहे, मुद्दल परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. म्हणजे १,०८०. मालकांकडे जाण्याआधी, त्याच दिवशी सकाळी. चार वर्षांच्या सह्या मोठ्या आहेत म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करावीशी वाटेल. जो सगळ्यात लहान आहे त्याच्यापासून करा.

तुमच्यासाठी रोज सकाळी सहा वाजता प्रार्थना करीन. त्या वेळी मी उठलेलीच असते.


वास्को_मिरज

१२ दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, सासूबाईंचा डबा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बाई, तुमच्या सहा वाजताच्या प्रार्थनेचा मला रोज आधार वाटला, खोटं सांगत नाही.

आधी पोराला १,०८० रुपये दिले. तो घेईना. १८० कसले, हे त्याला तीन वेळा समजावलं तरी कळलं नाही. शेवटी म्हटलं, गावी आईला पाठव. तेव्हा घेतले.

मालक मंगळवारी हॉटेलात असतात. केबिनबाहेर बसलो तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. आत गेलो, नोव्हेंबरातलं ते चलन टेबलावर ठेवलं आणि क्रेट आणि सही, एवढंच सांगितलं. त्यांनी चलन बराच वेळ धरून ठेवलं. मग विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, चार. "आणि नोव्हेंबरात कळलं, तर आज काय तारीख आहे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. म्हणाले, उद्यापासून निथळून वजन करा, बाकी मी बघतो. बाकी म्हणजे काय, मी विचारलं नाही. यंदाची माझी पगारवाढ त्यांनी थांबवली आहे. मला ते योग्य वाटतं. बायकोला वाटत नाही, त्यावरून घरात दोन दिवस बोलणं कमी होतं.

मालिमवाले दादा, क्रेटच्या कडांवर पांढऱ्या रंगाने वजनं लिहिली. २६ क्रेट. दोन सारखे निघाले नाहीत. काट्यावरचा शिक्का खरोखरच मागच्या वर्षीचा होता, तो नवीन करून घ्यायला अर्ज दिलाय.

सप्लायरला फोन त्याच संध्याकाळी केला. तुम्ही सांगितलं ते शब्द तसेच म्हटले, पोराचं नाव आधी काढलं. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या रात्रीचं विसरलास?" मी म्हटलं, नाही विसरलो, मरेपर्यंत विसरणार नाही, तुम्ही कुठल्याही रात्री दार वाजवा, मी चपला घालायला थांबणार नाही. पण काट्यावर मला ते फेडता येत नाही. त्याने फोन ठेवला. मी स्कूटरवर तसाच बसून राहिलो बराच वेळ. माणूस गमावला असं वाटलं, आणि अजूनही ती भीती गेलेली नाही.

आठवडाभर मासळी येत राहिली, पोरगा आकडा वाचत राहिला, फोटो जात राहिले. पलीकडून एक शब्द नाही.

काल सकाळी पिकअपमधून तो स्वतः उतरला. माझ्याशी बोलला नाही. पोराने क्रेट जाळीवर ओतला, बर्फ सारला. आम्ही तिघं पंधरा मिनिटं पाणी गळताना बघत उभे होतो. काटा रिकामा केला, मी फडक्याने पुसला, शून्य आलं ते दोघांना दाखवलं. इसवण वर गेला. पोरगा नेहमीसारखा मोठ्याने म्हणाला, "सत्रह नौ सौ." सप्लायरने वाकून आकडा स्वतः पाहिला. माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, पोराच्या सहीच्या जागी स्वतः सही केली आणि पेन परत खिशात लावलं.

पिकअपचं दार उघडताना थांबला. "पोरगी कशी आहे?"

शाळेत गेलीय, म्हटलं. संध्याकाळी घेऊन येतो तिला तुमच्याकडे.